बोगस : आधी यंत्र, मग नाणं

या मालिकेत आपण एकेक शब्द घेऊन गप्पा मारतो. आजचा शब्द इंग्रजी आहे, पण मराठी माणसाला त्याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही. ज्या आजीला इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही, तीही म्हणते, “तो डॉक्टर बोगस आहे, त्याच्याकडे जाऊ नकोस.” मृगाच्या तोंडावर बोगस बियाणं येतं, निवडणुकीच्या तोंडावर बोगस मतदार येतात. बोगस सातबारा, बोगस पावती, बोगस दाखला, बोगस भरती. कॉलेजची मुलं सिनेमा पाहून आली की म्हणतात, “एकदम बोगस पिक्चर!” आता तो सिनेमा खराच असतो, पैसे मोजून खऱ्या थिएटरात पाहिलेला असतो. तरी तो बोगस. म्हणजे हा शब्द आपल्याकडे खोट्यापासून सुरू होऊन टुकारापर्यंत पोचला. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या तरुणांच्या बोलीतही त्याचा हाच प्रवास झाला.

हा शब्द जन्मला कुठे, याचा पत्ता बराच नेमका सापडतो. अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठाजवळ, पेन्सव्हिल नावाचं गाव आहे. १८२७च्या मे महिन्यात तिथे खोटी नाणी पाडणारी एक टोळी पकडली. तिच्याकडे एक विचित्र दिसणारं यंत्र सापडलं. बघ्यांची गर्दी जमली. हे काय आहे कुणाला कळेना, तेव्हा गर्दीतला कुणीतरी म्हणाला, “हा तर बोगस!” गावच्या ‘पेन्सव्हिल टेलिग्राफ’ या वर्तमानपत्राने तो शब्द उचलला आणि पुढच्या अंकांमधून त्या यंत्राला बोगस म्हणायला सुरुवात केली. त्या वेळचे संपादक एबर हाऊ यांनी पन्नास वर्षांनी, १८७८मध्ये, आपल्या आठवणींत ही हकीकत लिहिली. म्हणून ती ऑक्सफर्डच्या कोशात गेली.

त्या माणसाच्या तोंडात तोच शब्द का आला? व्हरमाँटकडे कुठल्याही कुरूप, भीतीदायक वस्तूला ‘टँट्राबोगस’ म्हणायची पद्धत होती. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या बोलीत याच्याशी मिळताजुळता शब्द सैतानासाठी आहे. इंग्रजीतला ‘बोगी’, म्हणजे मुलांना घाबरवायचा तो, याच कुळातला असावा असं कोशकार म्हणतात. तेव्हा आपल्या भाषेत सांगायचं तर पेन्सव्हिलच्या चौकात कुणीतरी त्या लोखंडी धुडाकडे बोट दाखवून म्हणालं, “अरे, हा कुठला बागुलबुवा!” आणि दीडशे-दोनशे वर्षांनी आपण यवतमाळात बोगस बियाण्याच्या पोत्याला तेच म्हणतो आहोत.

या शब्दाच्या जन्माची दुसरीही एक कथा आहे आणि ती जास्त चविष्ट आहे. १८५७मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने छापलं, की बोर्गीझ नावाचा एक लबाड माणूस होता, त्याने १८३५च्या सुमाराला पश्चिमेकडच्या राज्यांत खोट्या हुंड्या आणि नोटा खपवल्या, आणि लोकांनी त्याच्या नावाचा अपभ्रंश करून ‘बोगस’ केलं. कथा छान आहे. फक्त अडचण एवढीच, की शब्द १८२७मध्ये छापून आला होता, म्हणजे बोर्गीझच्या उद्योगाच्या आठ वर्षं आधी. ‘बोगस’ शब्दाची व्युत्पत्तीच बोगस निघावी, याहून जास्त काय हवं?

माझं लक्ष वेधलं ते एका बारीक गोष्टीनं. पेन्सव्हिलला बोगस हे नाव नाण्याचं नव्हतं. ते नाणं पाडणाऱ्या यंत्राचं होतं. नाणी पुढे ‘बोगस पैसे’ झाली, म्हणजे त्या यंत्रातले पैसे. हळूहळू यंत्र लोक विसरले आणि बोगस हे विशेषण कुठल्याही खोट्या गोष्टीला चिकटवायला मोकळं झालं. १८५५मध्ये कॅन्सस प्रांतात पहिल्या विधिमंडळाची निवडणूक झाली. मतदार होते २,९०५ आणि मतं पडली ६,३०७. शेजारच्या मिसुरीतून गुलामगिरीचे पाठीराखे हत्यारं घेऊन आले आणि मतं टाकून परत गेले. त्या सभागृहाला विरोधकांनी नाव दिलं ‘बोगस विधिमंडळ’. बोगस मतदानाची ही तक्रार किती जुनी आहे बघा. इथे मात्र लोकांनी नेम बरोबर धरला होता. एकेका मतदाराला बोगस न म्हणता, त्यातून निपजलेल्या सगळ्या सत्तेलाच त्यांनी बोगस म्हटलं.

आपल्याकडे या शब्दाआधी काय होतं? भरपूर होतं. खोटं, लटकं, बनावट. अरबीतून आलेलं नकली, ज्याचं मूळ ‘नक्कल’ म्हणजे प्रत करणं. माणूस खोटा असेल तर तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, त्याने वर्षानुवर्षं पेशव्यांना दमवलं, कोकणात फौज उभी केली आणि शेवटी १७७६मध्ये पुण्यात त्याला देहान्त झाला. आणि नाण्याचे तर आपण मोठे पारखी. जुन्या राज्यकारभारात नाणी तपासायला पोतदार असायचा. आज ते फक्त आडनाव उरलंय. त्या काळी ठिकठिकाणच्या टांकसाळींचे वेगवेगळ्या कसाचे रुपये एकाच बाजारात फिरत. एखादा रुपया कसाला कमी भरला की बदलताना त्यातून काही रक्कम कापायची, तो बट्टा. आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो ते तिथूनच आलं. नाणं खणखणीत आहे, नाणं वाजवून घ्या, बंदा रुपया, हे सगळं त्याच पेढीवरचं बोलणं. पण एक पाहा, बट्टा लागलेला रुपया बोगस नसतो. तो खराच असतो, थोडा कमी असतो. पोतदाराला हा फरक कळायचा. आपल्याला आता ‘बोगस’ हा एकच शब्द सगळ्याला पुरतो आणि त्यामुळे कमअस्सल, चुकीचं, अपुरं आणि लबाड हे चारही एकाच पोत्यात जातात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कुंभकोणमला बसून का सांगतोय. मी सध्या राहतो ते हे गाव, तंजावरपासून चाळीस किलोमीटरवर, कावेरीकाठी. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव इथेच १८२८मध्ये जन्मले. आमच्यासारखी तंजावरी मराठी बोलणारी घरं इथे अजून आहेत. आणि या गावाचं नाव शेजारच्या मल्याळम भाषेत काय अर्थानं वापरतात ठाऊक आहे? घोटाळा! कुंभकोणम म्हणजे घोटाळा. मी तोफखान्यात कॅप्टन होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या रेजिमेंटच्या वाचनालयात केरळच्या जवानांसाठी मल्याळम वर्तमानपत्र यायचं. १९८७च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने बोफोर्सच्या दलालीची बातमी फोडली, आणि थोड्याच दिवसांत आमचा एक नायक पेपर वाचताना मोठ्याने म्हणाला, “बोफोर्स कुंभकोणम!” मी चमकलो. म्हटलं, बोफोर्सचा आणि कुंभकोणमचा काय संबंध? तो हसून म्हणाला, “साहेब, आमच्याकडे घोटाळ्यालाच कुंभकोणम म्हणतात.” पुढे स्पेक्ट्रमचंही कुंभकोणम झालं. इथल्या लोकांना हे सांगितलं तर काही हसतात, काही चिडतात. एका गावाला पिढ्यान्‌पिढ्या असा बट्टा लागून राहिलाय.

बोफोर्सवरून आठवलं म्हणून सांगतो. मार्च १९८६मध्ये ४१० तोफांचा करार झाला होता. घोटाळा गाजला तो दलालीचा. पण लोकांच्या तोंडी तोफच बोगस झाली. रेल्वेत भेटणारे सहप्रवासी आम्हाला विचारायचे, “त्या बोगस तोफा चालतात का हो?” १९९९ला कारगिलमध्ये त्या तोफांनी काय केलं ते सगळ्या देशानं पाहिलं. सौद्यात खोट होती, पण तोफ खणखणीत होती. तोफखान्याचा माणूस आहे, हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

गंमत अशी, की याच गावाचं नाव दुसरीकडे अस्सलपणाची खूण म्हणून चालतं. चेन्नईहून त्रिचीकडे यायला लागा. हायवेवर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या मोजून थकाल. पितळेच्या डबरा-टंबलरमध्ये कॉफी मिळते. यातल्या किती दुकानांनी कुंभकोणम पाहिलंय, हा वेगळा प्रश्न. ‘डिग्री’ कुठली? एक सांगणं असं, की पूर्वी दूध लॅक्टोमीटरने मापत. पाणी न घातलेलं, काट्यावर बरोबर ‘डिग्री’ दाखवणारं दूध ते डिग्री दूध, आणि त्याची कॉफी ती डिग्री कॉफी. दुसरे म्हणतात, कॉफीत घालतात त्या चिकरीचा हा अपभ्रंश. मला पहिलं आवडतं. बोगस डिग्रीच्या काळात निदान एक डिग्री तरी दुधाच्या काट्यावर तपासलेली असावी!

खऱ्या-खोट्याची कसोटी म्हणाल तर या गावाने जगाला एक मोठं उदाहरण दिलंय. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक छोटं कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन तिथे वाढले. गावच्या सरकारी कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. गणिताखेरीज बाकी विषयांत लक्ष नसल्याने ती गेली. पुढे मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून असताना, जानेवारी १९१३मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिलं. पदवी नाही, ओळख नाही, सोबत शंभराहून जास्त सूत्रं आणि सिद्धता जवळपास कशाचीच नाही. आधी ज्यांच्याकडे लिहिलं होतं अशा नामवंतांनी दाद दिली नव्हती. हार्डींच्या मनातही पहिल्यांदा हेच आलं, की हा कुणाचा तरी खोडसाळपणा तर नाही? म्हणजे आपल्या भाषेत, हा माणूस बोगस तर नाही?

मग त्यांनी काय केलं? दाखला मागितला नाही. लिटलवुड यांना बोलावलं आणि दोघांनी बसून सूत्रं तपासली. हार्डींचा तर्क असा होता, की यातली काही सूत्रं इतकी अजब आहेत, की ती खरी नसती तर कुणाला सुचलीच नसती. आणि एवढ्या ताकदीचा लबाड माणूस सापडण्यापेक्षा एवढ्या ताकदीचा गणिती सापडण्याचीच शक्यता जास्त. आता यातली आणखी एक गोष्ट. त्या पत्रातली काही विधानं चुकीची होती. मूळ संख्यांबद्दल रामानुजननी केलेले दावे टिकले नाहीत, हार्डींनी तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण म्हणून ते बोगस ठरले नाहीत. चूक वेगळी, बनाव वेगळा. पोतदाराची नजर म्हणतात ती ही.

आता एक खरंच बोगस प्रकरण सांगतो. तेही इथलंच. कुंभकोणमपासून थोड्या अंतरावर शिवपुरम नावाचं खेडं आहे. १९५१मध्ये तिथे शेतात खोदताना चोळकालीन धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यात दहाव्या शतकातला एक नटराज होता. मूर्ती गावच्या शिवमंदिरात ठेवल्या. १९५४च्या सुमाराला त्या दुरुस्तीसाठी कारागिराकडे दिल्या गेल्या. दुरुस्त होऊन परत आल्या, मंदिरात बसल्या, पूजा सुरू झाली. कुणालाही संशय आला नाही. परत आल्या होत्या त्या मूर्ती हुबेहूब नव्या होत्या. जुना नटराज विकला गेला होता.

हे उघडकीला कसं आलं? ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट हे चोळ मूर्तींचे जाणकार. त्यांनी १९६५मध्ये या मूर्तींवर पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगून टाकलं, की शिवपुरमच्या देवळात आहे तो नटराज आधुनिक प्रत आहे. अस्सल मूर्ती मुंबईतून फिरत न्यूयॉर्कला गेली आणि १९७३मध्ये कॅलिफोर्नियातले उद्योगपती नॉर्टन सायमन यांनी ती जवळपास दहा लाख डॉलरला घेतली. भारत सरकारने दावा लावला. १९७६मध्ये तडजोड झाली, की दहा वर्षं मूर्ती त्यांच्या संग्रहालयात राहील आणि मग परत येईल. १९८६मध्ये नटराज परत आला.

मी या प्रकरणाचा बराच विचार केला आहे, कारण कुंभकोणमच्या जवळच स्वामीमलै आहे. तिथले स्थपती आजही चोळांच्या पद्धतीने मूर्ती घडवतात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप द्यायचा, भट्टीत तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पंचधातू ओतायचा. मग साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. तिथल्या दुकानात नटराज घेतलात, तर तो हजार वर्षांपूर्वीच्या नटराजासारखाच दिसेल. तो बोगस आहे का? मुळीच नाही. तो स्वामीमलैचा नवा नटराज आहे आणि विकणारा तसं सांगूनच विकतो. शिवपुरमला परत आलेली मूर्तीही कारागिरी म्हणून उत्तमच असणार, नाहीतर गाव फसलं नसतं. ती बोगस झाली ती ‘हीच ती जुनी’ असं सांगून गाभाऱ्यात ठेवली त्या क्षणी. धातूत खोट नव्हती, सांगण्यात होती. आणि मधल्या वर्षांत ज्या बायांनी तिच्यापुढे पणती लावली, त्यांचा नमस्कार मी कधीही बोगस म्हणणार नाही.

तंजावरच्या गादीवरही असा एक प्रकार झाला. १७३६मध्ये तुकोजीराजे भोसले वारले. पुढच्या तीन वर्षांत गादीवर माणसं बसत आणि उठत राहिली. त्यात एक ‘काट्टु राजा’ होता. तमिळमध्ये काडु म्हणजे रान, तेव्हा हा रानातला राजा. शरभोजीराजांचा मुलगा म्हणून त्याला पुढे केलं गेलं, आणि मग तो तोतया आहे म्हणून उतरवलं गेलं. इतिहास वाचताना आपण त्या तोतयाकडेच बघत राहतो. पण राजे बसवायची आणि उतरवायची किल्ली होती सय्यद नावाच्या किल्लेदाराच्या हातात. टांकसाळ तिथे होती. १७३९मध्ये प्रतापसिंह गादीवर आले. त्यांनी हे ओळखलं आणि त्या किल्लेदाराचाच निकाल लावला. त्यानंतर चोवीस वर्षं त्यांनी राज्य केलं. भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३मध्ये मराठीत कोरलेला आहे. तंजावरला आलात तर तो लेख जरूर पाहा. एवढा मोठा मराठी शिलालेख महाराष्ट्रातही बघायला मिळत नाही.

सैन्यात ‘बोगस’ हा शब्द फार ऐकू यायचा. मोबाईलच्या आधीच्या काळात जवानाला घरून तार यायची, “मदर सीरियस कम सून.” आई गंभीर, लवकर ये. तार पुढ्यात आली की काही अधिकारी न वाचताच म्हणायचे, बोगस. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच तारा खोट्या असायच्या. काही आया वर्षातून दोनदा गंभीर व्हायच्या, त्याही नेमक्या सुगीला आणि लग्नसराईला. आमचे एक सुभेदार मेजर होते, सांगलीकडचे. ते मला म्हणाले होते, “साहेब, तार खोटी असंल, पण रजेची गरज खरी असती.” त्यांनी दाखवून दिलं, की जमिनीची वाटणी आहे, भाऊबंद सह्या करून घेतायत, विहीर खचलीय, या कारणांना आणीबाणीची रजा मिळणं मुश्कील. आई मरायला टेकली तर मिळते. मग पोरगं काय करणार? आईलाच आजारी पाडतं. तेव्हापासून माझ्या बॅटरीत मी सांगून ठेवलं, की खरं कारण सांगा, रजेचं मी बघतो. तारा बंद झाल्या नाहीत, पण कमी झाल्या. १५ जुलै २०१३पासून देशातली तारसेवाच थांबली, तेव्हा मला त्या सगळ्या ‘गंभीर’ आयांची आठवण झाली.

आता शेवटचं, आणि ज्याच्यासाठी मी आज हा शब्द निवडला ते.

आमच्या युनिटमधल्या सातारा जिल्ह्यातल्या एका हवालदाराची बायको. नवरा निवृत्तीनंतर वारला. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिने अर्ज केला. सैन्याच्या कागदावर तिचं नाव समजा ‘सुनंदा’, आधार कार्डावर ‘हौसाबाई’. ही नावं मी बदलली आहेत, पण गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत. नवऱ्याने रेजिमेंटला कळवलं ते सासरचं नाव. गावात तिला सगळे माहेरच्याच नावाने हाक मारत आले, कारण माहेर त्याच गल्लीत. आधारवाला आला तेव्हा तिने तोंडात बसलेलं नाव सांगितलं. जन्मतारीख तर दोन्हीकडे अंदाजानेच टाकलेली. त्यात शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा यंत्रावर उठेना. एका कार्यालयात तिच्या अर्जावर कुणीतरी पेन्सिलीने शेरा मारला, “केस बोगस वाटते.” आणि फाईल बाजूला पडली.

तिच्या मुलाने मला फोन केला. म्हणाला, “सर, आईला बोगस म्हणालेत. ती दोन दिवस जेवली नाही.” पैशाचं दुःख पुढचं. चाळीस वर्षं ज्याच्या नावाने कुंकू लावलं, त्याची ती बायकोच नाही, असं एका कागदानं म्हटलं होतं.

असल्या कामात रडून उपयोग नसतो, कागद जमवावे लागतात. ऐकणाऱ्यांपैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पहिलं, नवऱ्याचं डिस्चार्ज बुक. त्यात बायकोमुलांची नोंद असते. दुसरं, लग्न झाल्यावर युनिटने काढलेली पार्ट टू ऑर्डर. तिची नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते, लेखी मागता येते. तिसरं, निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कागदांना लावलेला नवरा-बायकोचा एकत्र फोटो. याच्याइतका बोलका पुरावा नाही. चौथं, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, सोबत सरपंचांचा दाखला. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला लाजू नका, ते याच कामासाठी आहे. हयात असलेल्या माजी सैनिकांना तर माझी हात जोडून विनंती आहे, की बायकोचं नाव आणि जन्मतारीख तुमच्या पेन्शनच्या कागदावर आणि तिच्या आधारवर एकच आहे का, ते याच आठवड्यात बघून घ्या. तुम्ही आहात तोवर ते एका अर्जाचं काम आहे. तुमच्या मागे ते तिच्या एकटीच्या डोक्यावर येतं.

त्या फोटोचीच गोष्ट सांगतो. रेकॉर्डमधून त्याची प्रत आली. त्यात हवालदार ताठ बसलेले आणि बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली ही बाई, कॅमेऱ्याकडे न बघता नवऱ्याच्या पदकांकडे बघतेय. फाईल पुन्हा वर आली तेव्हा नव्या साहेबांनी तो फोटो पाहिला, मग समोर बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “मावशी, पाणी घ्या.” पुढचं काम सात आठवड्यांत झालं. आधीचे तेरा महिने त्या पेन्सिलीच्या शेऱ्याने खाल्ले होते.

थकबाकी जमा झाल्याचा फोन तिने स्वतः केला. मी विचारलं, आता कागदावर कुठलं नाव ठेवलंत? म्हणाली, “त्यांनी ठेवलेलं.”

पुढच्या वेळी तंजावरच्या मोडी कागदांबद्दल बोलू. तोवर नमस्कार.